घेवड्याचे एकवीस दिवस

महोत्सव संपल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मैदानावर काय काय उरलं ते मी मोजलं. गव्हाच्या काडाच्या गासड्या दोनशे चौदा, पैकी एकोणीस फुटलेल्या. उष्टं-खरकटं नऊ पिंपं, वजन चारशे सहा किलो. पुठ्ठ्याचे फलक एकतीस. विसरलेले पेले सत्तावीस. चपला पाच, त्यात तीन डाव्या. बासरी एक. खालच्या दातांची कवळी एक. कशातच बसत नाही, फेकूनच द्यावं लागेल, असं सामान अकरा किलो.

तीन दिवसांत चार हजारांवर माणसं गाणी ऐकून, चित्रं बघून, नाचून, जेवून गेली होती आणि मागे अकरा किलो कचरा राहिला होता. हा आकडा मी तीनदा तपासला. मग भोंग्याला सांगितला.

भोंगा म्हणजे आमचा संचालक. त्याला माईक लागत नाही म्हणून हे नाव पडलं, आणि त्याला ते आवडतं.

"अकरा? फक्त अकरा?" तो ओरडला. पलीकडे वायरी गुंडाळत बसलेले दोघे दचकले. "अगं मोजपट्टे, माझ्या एकट्याच्या घरात आठवड्याला याहून जास्त निघतो!"

मोजपट्टी ही मी. रसायनशास्त्राची पदवी घेतल्यावर प्रयोगशाळेत नोकरी मिळेना, तेव्हा मी महोत्सवात मोजायला लागले. लहान रंगमंचाचे दिवे सायकली मारून पेटवले जातात. त्यासाठी एका वेळी अकरा माणसं लागतात हे मी मोजलं. (नऊ असली तर गाणारीचा चेहरा दिसत नाही, सात असली तर गाणारी स्वतःच ओरडते, "अरे, मारा की पाय!") पेला घरून आणायचा, विसरलात तर ओंजळीनं पाणी प्या, हा नियम माझ्या आधीचा. खुर्च्यांऐवजी गासड्या ही कल्पना मात्र माझी. आधी नऊशे प्लास्टिकच्या खुर्च्या लांबून ट्रकनं यायच्या. मी म्हटलं, काडाच्या गासड्यांवर लोक बसतील, आणि महोत्सव संपला की तेच काड खरकट्यात मिसळून खत होईल. ओल्या खरकट्याला कोरडं काड लागतंच. एका दगडात दोन पक्षी.

कारण आमच्या महोत्सवाचा खरा शेवट शंभराव्या दिवशी असतो. तिकिटाच्या मागे छापलेलं असतं: 'तुम्ही इथं टाकलेलं शंभर दिवसांत माती होऊन तुमच्याकडे परत येईल.' चिठ्ठ्या टाकून चाळीस जणांना बोलावतात आणि प्रत्येकाला एकेक पिशवी खत देतात. त्या दिवशी पुन्हा थोडं गाणं होतं. लोक पिशवी कडेवर घेऊन फोटो काढतात, जसं काही घरात पाळणाच हलला आहे.

खताचा ढीग माझ्या आत्याकडे लावला. ती माझ्या वडिलांची थोरली बहीण. तिची रोपवाटिका मैदानाच्या भिंतीला लागूनच आहे. वीस वर्षं ती एकटीच चालवते. मागचा कोपरा तिनं आम्हाला दिला, वर म्हणाली, "तुझ्या त्या भोंग्याला सांग, माझ्या रोपांजवळ येऊन बोलायचं नाही. कळ्या गळतात."

आत्याचा स्वतःचा एक टोमॅटो आहे. पाच शिरांचा, जाड सालीचा, गाडीत घालून हादरे बसले तरी न फुटणारा. बाजारात त्याचं बी मिळत नाही, कारण ते तिनं अकरा वर्षं निवडून निवडून तयार केलं आहे. सगळ्यात आधी फळणारं झाड, त्याचा दुसरा घोस, त्यातली दोनच फळं. बी वर्तमानपत्रावर पसरून वाळवायचं, नखानं खरवडायचं आणि चहाच्या जुन्या डब्यात ठेवायचं. डबा एकच. मी लहानपणी एकदा विचारलं होतं, "दोन डबे का नाही करत?" ती म्हणाली, "दोन केले की दोन्हीकडे दुर्लक्ष होतं."

ढिगाचं तापमान मी रोज घेत होते. जास्तीत जास्त त्रेसष्ट अंश, सलग पाच दिवस. पाच वेळा ढीग उलथला. आलेख इतका सुरेख आला की मी तो भिंतीवर लावला. पण ढीग थंड व्हायला उशीर झाला. एकोणनव्वदाव्या दिवशी खत हाताला गार लागलं, आणि त्याच दिवशी मी घेवडा पेरला. बारा कुंड्या खताच्या, चार नुसत्या मातीच्या. माती आत्याच्याच विहिरीकडच्या वाफ्यातली, जिथं कधी बाहेरचं खत गेलं नव्हतं.

हे कशासाठी, ते सांगायला हवं. काही तणनाशकं गव्हाला काही करत नाहीत. ती काडात उतरतात, ढिगाच्या उष्णतेनं मरत नाहीत आणि खतातून पुढच्या झाडात जातात. ती इतकी थोडी असतात की साध्या उपकरणांना सापडत नाहीत. घेवड्याला मात्र सापडतात. घेवडा फार चुगलखोर आहे. फक्त तो चुगली उगवताना करत नाही. तो नीट उगवतो, पहिली दोन पानंही बऱ्यापैकी काढतो, आणि त्यानंतरची तीन-तीनच्या जुडग्यातली पानं आली की ती मुठीसारखी वळतात. म्हणून चाचणी एकवीस दिवसांची. हा नियम मीच आमच्या फॉर्मवर लिहिला होता, माझ्या अक्षरात, खाली दोन रेघा मारून.

त्याच फॉर्मवर गासड्यांची माहितीही होती. काड देणाऱ्या शेतकऱ्याला मी फोनवर फवारणीचं विचारलं होतं. तो म्हणाला, "तणाला एकदा मारलं होतं बघा औषध. पण त्यातला गहू माणसं खातातच की, बाई. तुम्ही तर नुसत्या बसणार." मी हसले. 'फवारणी' या रकान्यात 'एकदा' लिहिलं. पुढचा 'कशाची' हा रकाना मोकळा सोडला, नंतर विचारू म्हणून.

नव्याण्णवाव्या दिवशी भोंगा ऑफिसात आला. ऑफिस म्हणजे खिळे-बिजागऱ्यांच्या दुकानावरची एक खोली, एक न्हाणी आणि एक रुंद खिडकी. खिडकीत सोळा कुंड्या.

"काय, माती तयार?"

"खत तयार आहे. चाचणीला अजून अकरा दिवस."

"आत्तापर्यंत काय निकाल?"

"बारापैकी बारा उगवले."

"बाराच्या बारा! शाळेत असते तर फळ्यावर नाव लागलं असतं."

"उगवण्याचा प्रश्न नसतो, सर. पुढची पानं..."

"हे बघ, मला यातलं ओ की ठो कळत नाही. तिकिटावर शंभर छापलंय. पण तू म्हणालीस पुढं ढकला, तर मी सगळ्यांना फोन करीन, माफी मागीन. तू सही केलीस तर उद्या वाटू. तू ठरव."

तो असं म्हणाला नसता, नुसता ओरडला असता, तर आज मला बरं वाटलं असतं. पण तो खाली बसून, हात गुडघ्यांवर ठेवून, माझ्याकडे बघत थांबला होता. भिंतीवर माझा आलेख होता. मी 'उगवण: १२ पैकी १२' लिहिलं. 'कमाल तापमान: ६३' लिहिलं. 'निष्कर्ष' समोर 'सुरक्षित' लिहिलं आणि सही केली. त्या कागदावरचा प्रत्येक आकडा खरा होता.

शंभरावा दिवस रविवारी होता. चाळीस पिशव्या वाटल्या. उरलेलं सगळं खत आत्याला, तिच्या कोपऱ्याचं भाडं म्हणून. ती नको म्हणत होती, मग म्हणाली, "भाचीनं मोजून दिलंय म्हणजे घ्यायलाच हवं." तिनं आपण होऊन प्रत्येक पिशवीसोबत टोमॅटोचं एकेक रोप दिलं. दुसऱ्या दिवसापासून तिनं वाढलेली सहाशे चाळीस रोपं ट्रेमधून काढून मोठ्या पिशव्यांत लावली. निम्मी माती, निम्मं माझं खत.

मंगळवारी, एकशे नवव्या दिवशी, तिचा फोन आला.

"अगं, टोमॅटोची पानं बघून जा. कशी तरीच झालीत. मूठ वळल्यासारखी."

मी फोन कानाला लावूनच खिडकीकडे वळले. शनिवारी मला घेवड्याची पानं जराशी चुरगळलेली वाटली होती आणि मी म्हटलं होतं, पाणी कमी पडलं. आता बाराही कुंड्यांत वरची पानं वळली होती. काही चमच्यासारखी, काही पार मिटलेली. नुसत्या मातीच्या चार कुंड्यांत पानं तळव्यासारखी उघडी होती.

"आहेस का?" आत्या म्हणाली.

"आहे. शनिवारी येते."

"शनिवारी? बरं. तोवर मी पाणी कमी करून बघते."

त्या दिवशी चाचणीचा विसावा दिवस होता. माझ्या मनात पहिला विचार आला तो असा: नियम एकवीस दिवसांचा आहे, उद्यापर्यंत थांबायला हवं, अर्धवट निकालावर बोलणं बरोबर नाही. हा विचार मला दहाव्या दिवशी, सही करताना, सुचला नव्हता.

बुधवारी एकवीस पूर्ण झाले. बारापैकी बारा. मी ते वहीत लिहिलं आणि वही मिटली.

गुरुवारी परीक्षक येणार होते. पर्यावरणाची काळजी घेणाऱ्या कार्यक्रमांना एक संस्था मानचिन्ह देते, तिचे तिघं. ते यायच्या वीस मिनिटं आधी मी बारा कुंड्या उचलून न्हाणीत नेल्या. सहा फेऱ्या झाल्या. दार लावलं. खिडकीत चार कुंड्या राहिल्या. परीक्षकांमधली चष्म्याची बाई त्यांच्याजवळ थांबली आणि म्हणाली, "किती तजेलदार! हे तुमच्याच खतावरचे?"

"ही तुलनेसाठीची रोपं आहेत," मी म्हटलं. तेही खरंच होतं.

तिला हात धुवायचे होते. मी तिला खालच्या दुकानदाराच्या नळावर घेऊन गेले.

शुक्रवारी काहीच काम नव्हतं. परीक्षक गेले होते, चाचणी संपली होती. शुक्रवारचं कारण मी तेव्हापासून शोधते आहे. सापडत नाही.

शनिवारी सकाळी रोपवाटिकेचं फाटक उघडलं तेव्हा आधी जळका वास आला. मागच्या कोपऱ्यात काळा गोल होता, अजून थोडा कोमट. पिशव्यांच्या रांगा मोकळ्या होत्या. आत्या नळाजवळ पाटावर बसून साबणाच्या पाण्यात ट्रे घासत होती. शेजारी चहाचा डबा उघडा, पालथा, धुऊन वाळत घातलेला.

"ये," ती मान वर न करता म्हणाली. "आता बघायला काही राहिलं नाही. काल जाळली सगळी. बियाण्यातूनच येतो म्हणे हा रोग. तो औषधाच्या दुकानातला म्हणाला, बी ठेवलंत तर पुढल्या वर्षी शेजारपाजारच्यांचीही घालवाल."

"बीपण जाळलं?"

"मग काय पूजा करू त्याची? अकरा वर्षं माझं मला कळलं नाही, आत रोग घेऊन बसले होते." तिनं ट्रे झटकला. "आणि त्या चाळीस जणांना हौसेनं वाटली ना रोपं! कालपासून फोन करतेय. सात झाले, तेहतीस राहिलेत. बरं झालं आलीस. माझा चष्मा सापडत नाहीये, यादीतले नंबर वाचून दाखव."

यादी आमच्याच ऑफिसातली होती, मीच छापलेली. तिनं ती माझ्या हातात दिली. ओल्या बोटांनी कडा भिजली होती.

मी आठवा नंबर वाचला.

"नमस्कार," आत्या म्हणाली. फोनवर ती नेहमी जरा मोठ्यानं बोलते. "खताच्या पिशवीसोबत टोमॅटोचं रोप दिलं होतं ना, ती रोपवाटिकेतली बाई बोलतेय. ते रोप उपटून जाळून टाका हो. माझ्या बियाण्यात रोग निघाला. नाही, नाही, तुमची काही चूक नाही. माझीच. माफ करा."

मी नववा नंबर वाचला. तिनं तेच शब्द त्याच क्रमानं म्हटले. दहावा. पलीकडचा माणूस काहीतरी गमतीचं बोलला असावा, कारण ती हसली आणि म्हणाली, "हो ना, या वयात हा शहाणपणा!" अकरावा नंबर वाचताना मी एक आकडा चुकले आणि तिनं मला तो पुन्हा वाचायला लावला.

"पुढचा."

मी यादी मांडीवर पालथी ठेवली.

"अगं, पुढचा सांग. पाणी गार होतंय."

"आत्या, बियाण्यात काही नाही. खतात आहे."

तिनं फोन मांडीवर ठेवला. "खताला काय झालं? तू सही केली होतीस."

"केली होती."

"तपासून?"

"अर्धं तपासून."

मग मी तिला सगळं सांगितलं. गहू, काड, मोकळा सोडलेला रकाना, घेवडा, दहावा दिवस. न्हाणीसुद्धा. नळ ठिबकत होता, तो तिनं उठून घट्ट केला आणि परत येऊन बसली.

"तुला कधी कळलं?"

"मंगळवारी. तुझा फोन आला तेव्हा."

तिनं अंगठा बोटांच्या पेरांवरून नेला. "मंगळ. बुध. गुरु." अंगठा चौथ्या पेरावर थांबला. "शुक्रवारी मी दुपारपर्यंत थांबले होते गं. म्हटलं, ही शिकलेली आहे, उद्या येणारच आहे, हिला विचारून मग काय ते करावं. मग वाटलं, त्या पोरीला कशाला त्यात घालायचं. तिला वाईट वाटेल."

मी रडले नाही. रडले असते तर तिनं माझ्या पाठीवरून हात फिरवला असता आणि तेही तिच्याच माथी आलं असतं.

तिनं फोन माझ्या पदरात टाकला. "घे. पहिल्यापासून लाव. ज्यांना माझे झालेत त्यांनाही. म्हणावं, बाईंचं बी चांगलं होतं."

चाळीस फोनांना दोन दिवस लागले. खत वापरू नका, घातलं असेल तर वरची माती बाजूला काढा, पिशवी मी येऊन नेईन. आणि बाईंचं बी चांगलं होतं. एकानं विचारलं, "म्हणजे तुम्ही दिलेली माती परत नेणार? मग आमचा कचरा परत देणार का?" एका बाईंनी पिशवी उघडलीच नव्हती, दिवाणखान्यात शोकेसमध्ये ठेवली होती. एका आजोबांची घेवड्याची वेल वाकली होती. ते म्हणाले, "मी हिला म्हणत होतो, तू उन्हात ठेवलीस म्हणून. आता हिची माफी मागायला हवी." ते हसत म्हणाले, पण फोन ठेवल्यावर मी बराच वेळ पुढचा नंबर लावला नाही. छत्तीस पिशव्या परत आल्या.

सोमवारी मी भोंग्याला दुरुस्त केलेलं प्रमाणपत्र दिलं. 'निष्कर्ष: असुरक्षित.' सोबत परीक्षकांना लिहिलेलं पत्र, त्यात न्हाणीतल्या बारा कुंड्यांचंही लिहिलेलं. त्यानं दोन्ही कागद दोनदा वाचले.

"मोजपट्टीच खोटी निघाली तर कापड कोणी मोजायचं?" तो म्हणाला. पहिल्यांदाच मला त्याचं बोलणं ऐकायला पुढं वाकावं लागलं.

"मी नोकरी सोडते, सर."

"सोडून काय होणार? मी वाट बघायला तयार होतो, हे तुला आठवतंय ना?"

"आठवतंय."

"मग बस. पत्र आजच पाठव."

संध्याकाळी मी रोपवाटिकेत गेले. आत्या ट्रे फळ्यांवर रचत होती. फळ्यांवर वर्तमानपत्रं अंथरलेली होती, जुनी, पिवळी, काहींवर गोल डाग. मी एक उचललं आणि उजेडात धरलं. डागाच्या कडेला एक बी चिकटलं होतं.

"आत्या, बी वाळवलेले कागद तू टाकत नाहीस?"

"चांगले कागद कशाला टाकायचे?"

तीन दिवस मी भिंग आणि चिमटा घेऊन फळ्यांखाली बसले. चौसष्ट कागद निघाले, सगळ्यात जुना नऊ वर्षांपूर्वीचा. नखानं खरवडताना सुटलेलं बी कडेला, घडीत, बातम्यांच्या मधल्या रेघेत अडकलं होतं. सव्वीस बिया मिळाल्या. आठ फुटलेल्या होत्या. अठरा मी कागदाच्या पुडीत घालून आत्याच्या समोर ठेवल्या.

तिनं पुडी उघडून बघितली, बोटानं एक बी हलवलं. चष्मा आता सापडला होता.

"रागावली आहेस का अजून?" मी विचारलं.

"रागवायला वेळ कुठाय मला? ट्रे मोकळे पडलेत." तिनं पुडी परत माझ्याकडे सरकवली. "तूच पेर. विहिरीकडची माती घे, ती जी तुझ्या चार कुंड्यांत होती. एकवीस दिवस. आणि ऐक, विसाव्या दिवशी मला येऊन काही सांगायचं नाही."

मी एका ट्रेमध्ये अठरा खाचांत अठरा बिया पेरल्या आणि प्रत्येकीच्या पुढे ती कुठल्या वर्षाच्या कागदातली ते लिहिलं. रोज सकाळी जाऊन झारीनं पाणी घातलं. आत्या तेव्हा पलीकडच्या रांगेत काम करायची. ट्रेकडे तिनं एकदाही बघितलं नाही, निदान मी असताना नाही.

एकविसाव्या दिवशी सकाळी साडेसातला मी मोजलं आणि तिला सांगितलं. पेरलेल्या बिया अठरा. उगवलेल्या सात. सरळ पानांची रोपं सात.